जुन्या सोसायटीतील सदनिकेचे नूतनीकरण: नियोजन आणि अंदाजपत्रक, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुढील प्रश्नोत्तरे मुंबई, ठाणे, पुणे आणि परिसरातील वीस ते चाळीस वर्षे जुन्या सहकारी गृहनिर्माण सोसायट्यांमधील एक किंवा दोन बेडरूमच्या सदनिका डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. नव्या इमारतीत ताबा मिळाल्यावर केलेली सजावट आणि जुन्या घराचे नूतनीकरण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जुन्या घरात पैसा सर्वांत आधी भिंतीच्या आत आणि फरशीच्या खाली जातो. तो तिथे पुरेसा गेला नाही, तर वरचा रंग आणि फर्निचर यांवरचा खर्च दोन-तीन पावसाळ्यांत वाया जाण्याची शक्यता असते.

प्रश्न: नूतनीकरणाचा विचार कोठून सुरू करावा?

सोसायटीच्या कार्यालयातून. इमारत पुनर्विकासाला जाणार असेल, तर घरात मोठा खर्च करण्यात अर्थ नाही, कारण नव्या सदनिकेचा करार होताना जुन्या घरातील इटालियन मार्बलची किंमत कोणी वेगळी देत नाही. म्हणून गेल्या दोन-तीन वार्षिक सर्वसाधारण सभांचे इतिवृत्त वाचावे आणि पुनर्विकासाचा ठराव, प्रकल्प व्यवस्थापन सल्लागाराची नेमणूक किंवा व्यवहार्यता अहवाल यांपैकी काही झाले आहे का, ते पाहावे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९अ खाली ४ जुलै २०१९ रोजी काढलेल्या शासकीय निर्देशांनुसार पुनर्विकासासाठी एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्के सभासदांची संमती लागते. त्यामुळे केवळ चर्चा सुरू असणे आणि प्रत्यक्ष निर्णय होणे यांत अनेक वर्षांचे अंतर पडू शकते. चर्चा प्राथमिक असेल, तर गळती, वायरिंग आणि रंग एवढेच काम करावे. विकासक निश्चित झाला असेल, तर तेही अत्यावश्यक तेवढेच.

त्याच भेटीत संरचनात्मक तपासणीचा शेवटचा अहवाल मागून घ्यावा. आदर्श उपविधींनुसार (शासनाने सोसायट्यांसाठी दिलेल्या नमुना नियमावलीनुसार) १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतींची पाच वर्षांतून एकदा आणि ३० वर्षांवरील इमारतींची तीन वर्षांतून एकदा अशी तपासणी अपेक्षित आहे. अहवालात आपल्या सदनिकेच्या एखाद्या बीमला किंवा स्लॅबला दुरुस्ती सुचवलेली असेल, तर आधी ती दुरुस्ती व्हावी आणि नंतर आपले काम सुरू करावे. उलट क्रमाने गेल्यास नवे पीओपी पुन्हा फोडावे लागते.

प्रश्न: कोणकोणत्या परवानग्या लागतात?

फरशी बदलणे, गिलावा, रंग, टाइल आणि फिटिंग बदलणे ही राहत्या घराची दुरुस्ती समजली जाते आणि साधारणपणे तिच्यासाठी महापालिकेची परवानगी लागत नाही. मात्र सोसायटीच्या समितीची लेखी परवानगी घ्यावी लागते. भिंत काढणे, खिडकी मोठी करणे, बाल्कनी खोलीत घेणे किंवा स्वच्छतागृहाची जागा बदलणे हे बदल मात्र वेगळ्या वर्गात मोडतात आणि त्यांसाठी नोंदणीकृत वास्तुविशारद किंवा संरचना अभियंत्याचा सल्ला घेऊन स्थानिक स्वराज्य संस्थेकडे जावे लागते. मुंबईत अशा बदलांसाठी मुंबई महानगरपालिका अधिनियमाचे कलम ३४२ लागू होते. बीम, कॉलम आणि स्लॅब यांना हात लावण्याचा विषय अंदाजपत्रकात येताच कामा नये. वीटकामाची आडभिंतही अभियंत्याने पाहिल्याशिवाय पाडू नये, कारण जुन्या इमारतींत कोणती भिंत भार घेते हे कंत्राटदार तिच्यावर टकटक करून सांगू शकत नाही.

आणखी एक मुद्दा बऱ्याचदा सुटतो. आपले नवे बाथरूम खालच्या शेजाऱ्याच्या बेडरूमच्या किंवा स्वयंपाकघराच्या डोक्यावर येत असेल, तर आज त्याने तोंडी होकार दिला तरी उद्याच्या गळतीचा वाद आपण स्वतःहून विकत घेत असतो. ओल्या जागा ओल्या जागांवरच राहू द्याव्यात.

सोसायटीच्या परवानगीपत्रात कामाच्या वेळा, लिफ्टचा वापर, परत मिळणारी अनामत रक्कम आणि राडारोडा नेण्याची मुदत या गोष्टी लिहिलेल्या असतात. बहुतेक सोसायट्या दुपारी आवाजाचे काम बंद ठेवायला सांगतात. त्यामुळे तोडफोडीला प्रत्यक्षात दिवसाचे पाच-सहा तासच मिळतात आणि मजुरीचा हिशेब त्यानुसार वाढतो.

प्रश्न: कंत्राटदार चौरस फुटाचा एकच ढोबळ दर सांगतो. त्यावरून अंदाजपत्रक ठरवता येईल का?

आपल्या ऐपतीत काय बसते याचा पहिला अंदाज घेण्यापुरता तो दर उपयोगी आहे, पुढे नाही. खरे अंदाजपत्रक मोजमापांवर उभे राहते आणि ही मोजमापे घरमालकाने स्वतः टेप घेऊन एकदा तरी करावीत, असे माझे ठाम मत आहे.

सात फूट बाय पाच फूट मापाचे एक बाथरूम घ्या. जमीन ३५ चौरस फूट. चारही भिंतींची एकूण लांबी २४ फूट. टाइल सात फुटांपर्यंत लावायच्या असतील तर १६८ चौरस फूट. त्यातून अडीच फूट रुंद आणि सात फूट उंच दरवाजाचे साधारण १८ चौरस फूट वजा केले की १५० उरतात. जमीन धरून १८५, आणि कापण्यात-फुटण्यात जाणारे दहा टक्के मिळवून सुमारे २०४ चौरस फूट. म्हणजे ज्या बाथरूमला आपण ‘पस्तीस फुटांचे’ म्हणतो, त्याला दोनशे चौरस फुटांहून अधिक टाइल लागतात. अशी दोन बाथरूम असतील, तर दुकानात ६० रुपयांऐवजी ११० रुपये चौरस फुटाची टाइल पसंत पडल्याने केवळ मालाचा खर्च वीस हजारांच्या वर वाढतो. मजुरी, चिकटद्रव्य आणि ग्राउट (टाइलच्या सांध्यांत भरायचे मिश्रण) वेगळे. हे गणित हातात असले की दुकानातील निर्णय डोके शांत ठेवून घेता येतो.

रंगाच्या बाबतीतही असेच असते. भिंती आणि छत मिळून रंगाचे क्षेत्र चटई क्षेत्राच्या (कार्पेट एरियाच्या) साधारण तिप्पट ते साडेतीनपट भरते. सहाशे चौरस फुटांच्या घरात ते १८०० ते २१०० चौरस फूट होते. कंत्राटदाराने बिलात २८०० लावले, तर दारे-खिडक्या वजा केल्या आहेत का, हे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे.

प्रश्न: एकूण रकमेची वाटणी कशी करावी?

सहाशे चौरस फूट चटई क्षेत्राच्या दोन बेडरूमच्या घरासाठी बारा लाख रुपये हाताशी आहेत, असे समजू. दर शहरागणिक आणि मालागणिक बदलतील. येथे वाटणीचा क्रम महत्त्वाचा आहे. तोडफोड, राडारोडा आणि परवानग्यांसाठी ७० हजार. दोन्ही बाथरूम, नळजोडणी आणि वॉटरप्रूफिंगसाठी ३ लाख २० हजार. वायरिंगसाठी १ लाख १० हजार. गिलावा आणि फरशीसाठी २ लाख. स्वयंपाकघरासाठी १ लाख ८० हजार. रंगासाठी ९० हजार. येथपर्यंत ९ लाख ७० हजार झाले. आता फर्निचरकडे वळण्याआधी १ लाख ३० हजार रुपये अकल्पित खर्चासाठी बाजूला काढावेत. उरलेल्या एका लाखात जेवढे कपाट बसेल तेवढेच या फेरीत करावे.

बहुतेक घरांत याच्या नेमके उलट होते. टीव्हीची भिंत, फॉल्स सीलिंग आणि वॉर्डरोब यांची चित्रे आधी पसंत होतात आणि मग पैसे जुळवण्यासाठी ‘पाइप अजून चांगले आहेत, राहू द्या’ असा निर्णय घेतला जातो. वॉर्डरोब दोन वर्षांनंतर, घरात राहत असतानाही, चार दिवसांत बसवता येतो. गंजलेला जीआय (जस्ताचा लेप दिलेला लोखंडी) पाइप नव्या टाइलमागून बदलायचा म्हणजे पुन्हा सगळे फोडणे आले. नंतर करता येईल ते नंतर, आणि नंतर करता येणार नाही ते आधी, या एका कसोटीवर प्रत्येक बाब तपासावी.

प्रश्न: बाथरूमच्या वॉटरप्रूफिंगवर इतका भर का दिला जातो?

कारण जुन्या इमारतींतील शेजाऱ्यांचे बहुतेक वाद येथूनच सुरू होतात आणि येथील चूक दुरुस्त करायला मूळ कामापेक्षा जास्त खर्च येतो. आदर्श उपविधींनुसार गच्चीतून किंवा बाहेरच्या सामाईक पाइपमधून होणारी गळती सोसायटीने दुरुस्त करायची असते. सदनिकेच्या आतील स्वच्छतागृहातून, मोरीतून किंवा सिंकमधून होणाऱ्या गळतीचा भार मात्र त्या सभासदावर येतो.

काम सुरू करण्याआधी खालच्या शेजाऱ्याकडे जाऊन त्यांच्या छताची छायाचित्रे त्यांच्यासमोर घ्यावीत. जुने डाग कोणते आणि नवे कोणते, हा प्रश्न पुढे त्यातूनच सुटतो.

नुसत्या टाइल काढून वरून रसायनाचा हात मारणे म्हणजे वॉटरप्रूफिंग नव्हे. जुना कोबा (टाइलखालचा सिमेंट आणि विटांच्या तुकड्यांचा थर) स्लॅबपर्यंत काढावा लागतो. स्लॅब उघडी पडली की खरी परिस्थिती दिसते: कोठे सळई गंजून फुगलेली असते, कोठे काँक्रीट हाताने निघते, आणि नहाणी ट्रॅपच्या (जमिनीतील सांडपाण्याच्या जाळीखालच्या भांड्याच्या) कडेने बोट जाईल एवढी फट असते. सुटे काँक्रीट काढून, सळईवरचा गंज घासून, तिला गंजरोधक लेप देऊन पॉलिमर मॉर्टरने भरून घ्यावे. दुरुस्ती मोठी असेल, तर काम थांबवून अभियंत्याला बोलवावे. त्यानंतर भिंत आणि जमीन जिथे मिळतात त्या कोपऱ्यांत गोलाईचा वाटा (सिमेंटची गोलसर कड) मारावा, रसायनाचे दोन हात आडवे-उभे द्यावेत आणि ते भिंतीवर किमान एक फूट, शॉवरच्या बाजूला पूर्ण उंचीपर्यंत न्यावेत. मग ट्रॅपकडे उतार देऊन ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा नवा थर, घालावा.

टाइल लावण्यापूर्वी पाणी भरून चाचणी घ्यावी. ट्रॅपचे तोंड बंद करून दोन-तीन इंच पाणी भरायचे, भिंतीवर पातळीची पेन्सिलने खूण करायची आणि किमान ४८ तास थांबायचे. खूण आणि पाणी यांत थोडे अंतर बाष्पीभवनामुळे पडते. खालच्या छतावर ओल दिसली, तर मात्र काम पास करू नये. कंत्राटदार ‘दोन दिवस मजूर बसून राहतील’ असे म्हणेल. हे दोन दिवस वेळापत्रकात आधीच लिहून ठेवले असतील, तर त्या वेळी सुताराचे किंवा वायरमनचे काम दुसऱ्या खोलीत चालू राहते. आतल्या पाण्याच्या पाइपांची दाबचाचणीही झिरी (पाइपसाठी भिंतीत पाडलेली खाच) बुजवण्यापूर्वीच व्हायला हवी.

प्रश्न: जुन्या फरशीवरच नवी टाइल लावल्यास पैसे वाचतात का?

हॉल आणि बेडरूममध्ये वाचतात. तोडफोड, राडारोडा, रेती-सिमेंट आणि कामाचे काही दिवस, एवढे सगळे वाचते. जुनी फरशी पोकळ वाजत नसेल आणि पातळीत असेल, तर चिकटद्रव्याने लावलेली दहा मिलिमीटरची टाइल प्रति चौरस मीटर सुमारे ३० किलो भार वाढवते. भारतीय मानक आयएस ८७५ राहत्या खोल्यांसाठी प्रति चौरस मीटर साधारण २०० किलो वापरभार धरते, पण त्या भारात माणसे आणि सामान असते. म्हणून एक थर आधीच चढवलेला असेल, तर दुसरा चढवू नये. दारे खालून तासावी लागतात आणि मुख्य दाराशी पातळीत फरक पडतो, हेही धरून चालावे.

बाथरूममध्ये हा पर्याय अजिबात निवडू नये.

प्रश्न: वायरिंग पूर्ण बदलणे आवश्यक आहे का?

वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचे वायरिंग एक एसी आणि एक गीझर धरूनही केलेले नसते. आज त्याच घरात दोन एसी, दोन गीझर, मायक्रोवेव्ह आणि इंडक्शन असतात. त्यामुळे वायरिंग बदलावे, हेच उत्तर. दिव्यांसाठी १.५, साध्या पॉवर सॉकेटसाठी २.५ आणि एसी-गीझरसाठी ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर अशी सर्वसाधारण पद्धत आहे. वितरण पेटीत एमसीबीबरोबर (जास्त भार आल्यास वीज तोडणारी कळ) ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारी कळ) बसवावा. ओल्या हाताने धक्का बसण्याच्या प्रसंगी जीव वाचवणारी गोष्ट तीच आहे. अर्थिंग प्रत्यक्ष चालू आहे का, ते परवानाधारक वायरमनकडून मोजून घ्यावे. एकूण भार वाढत असेल, तर वीज कंपनीकडे मंजूर भार वाढवून घेण्याचा अर्ज पहिल्याच आठवड्यात करावा.

पॉइंट कोठे हवे, हे कागदावर नव्हे तर भिंतीवर खडूने काढावे. पलंग, फ्रिज, मिक्सर, वॉशिंग मशीन आणि देवघरातील दिवा यांच्या जागा घरातील सर्वांनी एकत्र उभे राहून ठरवाव्यात. भिंत बुजल्यावर वाढवलेला प्रत्येक पॉइंट महाग पडतो.

प्रश्न: स्वयंपाकघराच्या कोटेशनमध्ये काय पाहावे?

प्लायवूडचा दर्जा लिहिलेला आहे का, हे सर्वप्रथम पाहावे. आयएस ३०३ हे साध्या वापराच्या प्लायवूडचे आणि आयएस ७१० हे मरीन प्लायवूडचे मानक आहे. सिंकखालील आणि ओट्याखालील कपाटांसाठी आयएस ७१० चेच असावे. ‘वॉटरप्रूफ प्लाय’ एवढ्याच शब्दांवर विसंबू नये. जाडी, मानक आणि कंपनी ही तिन्ही लिहून घ्यावीत आणि माल आल्यावर त्यावरचा शिक्का पाहावा. आठ बाय चारची एक शीट ३२ चौरस फुटांची असते. सुताराने किती शीट मागवल्या आणि त्यांतून काय बनले, हा हिशेब त्यावरून सहज जुळवता येतो.

दर रनिंग फुटाचा (लांबीच्या फुटाचा) असेल, तर त्यात काय धरले आहे हे विचारावे. बिजागऱ्या, ट्रॉल्या, हँडल, ग्रॅनाइटची पट्टी, ओट्याखालचा कडाप्पा, सिंकचा कट आणि चिमणीसाठी भिंतीत पाडायचे छिद्र या किरकोळ वाटणाऱ्या बाबींची बेरीज मोठी होते. ओट्याची उंची स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीच्या उंचीवरून ठरवावी. पाइप गॅसची जोडणी हलवायची असेल, तर ती गॅस कंपनीच्या अधिकृत माणसाकडूनच हलवावी.

प्रश्न: काम मालासकट द्यावे की फक्त मजुरीवर?

रोज कामाच्या जागी जाता येत असेल आणि बाजाराची माहिती असेल, तर मजुरीवर. नोकरी सांभाळून काम करून घेणाऱ्यांनी मधला मार्ग घ्यावा: रेती, सिमेंट, पाइप आणि रसायने कंत्राटदाराची, त्यांच्या कंपन्या आपण लिहून दिलेल्या, टाइल, सॅनिटरी सामान, दिवे आणि लॅमिनेट आपल्या पसंतीने आपणच खरेदी करायचे. कंत्राटदाराच्या मालात चूक झाली तर जबाबदारी एकाचीच राहते आणि आपण घेतलेल्या मालात किमतीवर आपला ताबा राहतो.

जीएसटीचा प्रश्न कोटेशन घेतानाच सोडवावा. मालासकट कामावर नोंदणीकृत कंत्राटदार साधारणपणे १८ टक्के जीएसटी लावतो. पाच लाखांच्या कामावर तो ९० हजार होतो. दर जीएसटीसह आहे की वगळून, हे लिहिलेले नसेल, तर दोन कोटेशनची तुलनाच होऊ शकत नाही. ज्याची नोंदणीच नाही, त्याला ग्राहकाकडून जीएसटी घेण्याचा अधिकार नाही.

प्रश्न: कंत्राटदाराला पैसे कसे द्यावेत?

झालेल्या कामाच्या टप्प्यांवर, तारखांवर नाही. सुरुवातीला दहा टक्के. तोडफोड आणि पाइपलाइन झाल्यावर. पाणी भरण्याची चाचणी पास झाल्यावर. फरशी आणि टाइल झाल्यावर. रंगाचा पहिला हात झाल्यावर. आणि शेवटी ताबा घेताना. पाच ते दहा टक्के रक्कम एक पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवण्याची अट करारात आधीच घालावी. चांगला कंत्राटदार या अटीवर थोडी घासाघीस करतो, पण ती मान्य करतो.

वाढीव काम ही अंदाजपत्रक कोलमडण्याची सर्वांत मोठी वाट आहे. ‘साहेब, एवढे करूनच टाकू’ या वाक्यावर त्या क्षणी होकार देऊ नये. काय वाढले, किती रुपये आणि किती दिवस, हे मोबाइलवर एका संदेशात लिहून घ्यावे आणि मगच मान्यता द्यावी.

प्रश्न: अकल्पित खर्चासाठी किती रक्कम ठेवावी?

वीस वर्षांच्या आतील इमारतीत दहा टक्के, त्याहून जुन्या इमारतीत पंधरा टक्क्यांपर्यंत आणि सळई गंजल्याची लक्षणे दिसत असतील तर वीस टक्के. ही रक्कम कंत्राटदाराला सांगू नये.

प्रश्न: घरात राहून काम करून घेता येते का, आणि कोणता काळ योग्य?

रंग आणि फर्निचर होते. बाथरूम आणि फरशी एकाच वेळी करायची असेल, तर राहता येत नाही. विशेषतः घरात लहान मूल, वृद्ध किंवा दम्याचा रुग्ण असेल तर प्रयत्नही करू नये. दोन-तीन महिन्यांसाठी भाड्याचे घर सहज मिळत नाही, कारण घरमालक अकरा महिन्यांचा करार पसंत करतात. त्यामुळे भाडे, अनामत, दोनदा सामान हलवण्याचा खर्च आणि लिव्ह अँड लायसन्स कराराच्या नोंदणीचा खर्च या बाबी अंदाजपत्रकात पहिल्या दिवसापासून असाव्यात.

तोडफोड नोव्हेंबरमध्ये सुरू करून फेब्रुवारीअखेर रंग संपवणे हा आपल्याकडील उत्तम काळ. होळीला आणि मे महिन्यात अनेक कारागीर गावी जातात आणि काम तिथेच थांबते. पावसाळ्यात गिलावा नीट सुकत नाही आणि ओल्या भिंतीवर लावलेली पुट्टी पुढे पापुद्र्यांनी सुटते. गणपतीपूर्वी किंवा दिवाळीपूर्वी घर तयार हवे, असा हट्ट धरला की शेवटच्या पंधरवड्यात घाईने झालेले काम पदरात पडते.

प्रश्न: राडारोड्याचे काय करावे?

तो नियमाप्रमाणे बांधकाम कचऱ्याच्या केंद्रावरच जायला हवा. नाल्यात, नदीकाठी किंवा खारफुटीत टाकणे हा गुन्हा आहे. मुंबईत महापालिकेची शुल्क आकारून डेब्रिज उचलण्याची सेवा आहे. कंत्राटदाराच्या दरात वाहतूक धरली असेल, तर गाडी कोठे रिकामी केली याची पावती मागावी.

प्रश्न: कर्ज घ्यावे का, आणि करात काही सवलत मिळते का?

चालू गृहकर्ज असेल, तर त्यावरील टॉप-अप किंवा बँकेचे घरदुरुस्ती कर्ज वैयक्तिक कर्जापेक्षा सहसा स्वस्त पडते. जुन्या करप्रणालीत, स्वतः राहत असलेल्या घराच्या दुरुस्तीसाठी किंवा नूतनीकरणासाठी घेतलेल्या कर्जाच्या व्याजावर वर्षाला ३० हजार रुपयांपर्यंत वजावट मिळते आणि ती गृहकर्जाच्या व्याजाच्या दोन लाखांच्या एकत्रित मर्यादेतच मोजली जाते. नव्या करप्रणालीत स्वतः राहत असलेल्या घरासाठी ती मिळत नाही. दुरुस्ती कर्जाच्या मुद्दलावर आयकरात सवलत नाही.

बिले मात्र कर्ज नसले तरी जपावीत. पुढे घर विकताना भांडवली नफा काढताना घरात केलेल्या कायमस्वरूपी सुधारणांचा खर्च मूळ किमतीत मिळवता येतो. नेहमीची रंगरंगोटी आणि किरकोळ दुरुस्ती त्यात धरली जात नाही. म्हणून नळजोडणी, वायरिंग, फरशी आणि बाथरूम यांची जीएसटी बिले, बँकेतून दिलेल्या रकमांच्या नोंदी, सोसायटीचे परवानगीपत्र आणि झिरी बुजवण्यापूर्वी काढलेली पाइप-वायरींची छायाचित्रे घराच्या मूळ करारनाम्याच्या फाइलमध्येच ठेवावीत.